पाणी चावतं

गिरजा डाव्या हाताने नळ धरून उभी होती. नळ सैल होता, धरला नाही तर पाणी हंड्याबाहेर उडायचं. हंडा गळ्यापर्यंत आला, आता चावी बंद करावी म्हणून ती वाकली आणि तिच्या छातीत आतून कोणीतरी लाथ घातली. डोळ्यांपुढे पांढरंफटक झालं. ती ओट्यावर गुडघ्यांवर आली आणि हंडा कलंडून ठणठणत ओट्याखालच्या सिमेंटच्या डोणीपर्यंत गेला. पडताना माणूस हाताशी येईल ते धरतो. तिने नळाचा पाइपच धरला आणि धापा टाकत तशीच बसून राहिली. दहा श्वास झाले नसतील, दुसरी लाथ बसली.

"काकी!" शेजारची सुरेखा धावली, तिने गिरजाच्या खांद्याला हात लावला आणि विंचू चावल्यासारखा मागे घेतला. "अगो आई! हिच्या अंगात करंट हाय! कोनी हात नको लावू!"

पाणवठ्यावरच्या बारा-चौदा बायका एकदम मागे सरकल्या. शेवटी गिरजाची सून अनिता पुढे झाली. तिने सासूला काखेत हात घालून ओट्यावरून ओढलं, कोरड्या मातीवर आडवं केलं आणि पदराने वारा घालू लागली. गिरजा शुद्धीत होती. तिने पहिल्यांदा स्वतःची नाडी चाचपली. नाडी तुरुतुरु चालली होती, पण चालली होती.

"मी बरी हाय," ती म्हणाली. कोणी जवळ आलं नाही.

गिरजाच्या छातीत, डाव्या हासळीच्या हाडाखाली, तंबाखूच्या डबीएवढं यंत्र होतं. दिवाळीनंतर खळ्यावर भात झोडताना ती धाडकन पडली होती. तिचं हृदय ठोके विसरून नुसतं थरथरत होतं म्हणे. मुरबाडच्या डॉक्टरने तिला परत आणलं आणि ठाण्याच्या मोठ्या दवाखान्यात ही डबी बसवली. हृदय पुन्हा वेड्यासारखं वागलं तर डबी आतूनच झटका देणार आणि त्याला ताळ्यावर आणणार. तेव्हापासून तिचा नवरा काळूराम घरातल्या प्रत्येक वायरीकडे संशयाने बघायचा. मिक्सर चालू असला की तो गिरजाला अंगणात घालवायचा. मोबाइल तिच्यापासून चार हात लांब, टीव्ही लागला की ती पडवीत. गड्याचा जीव होता बायकोवर, पण त्या जिवाने तिचा जीव मेटाकुटीला आला होता.

त्या दिवसापर्यंत डबीने मात्र एकदाही तोंड उघडलं नव्हतं.

आवळीच्या पाड्यात बातमी पसरायला काय लागतं! बावीस घरं, एक पाणवठा. दुपारपर्यंत जो तो म्हणू लागला की पाण्याला हल्ली झिणझिण्या येतात त्या उगाच नाहीत. कोणाला बोटांत मुंग्या आल्या होत्या, कोणाच्या पायाच्या तळव्याला टोचलं होतं. ओट्यावर वहाणा घालून कोणी चढत नाही, पाणी म्हणजे देव, त्यामुळे सगळ्याच अनवाणी. आणि हे कधीपासून? तर यंदाच्या माघापासून. गिरजा ठाण्याहून मशीन घालून आली ती पौषात. दोन्हींची सांगड कोणीही घालावी. पंचायतीचं पाणी सोडणारा हरेश तर छातीठोक सांगत सुटला की काकीच्या मशीनचा करंट पाण्यात उतरतो, आणि पाण्यातून सगळ्यांना.

तिसऱ्या दिवशी सुरेखा पडवीत येऊन बसली. बराच वेळ ती आंब्यावर बोलली, भेंडीवर बोलली. मग पदराचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाली,

"काकी, वाईट नको वाटून घेऊ. आमच्या दिशाच्या लग्नाला सरळगावच्या बाईजाला सांगितलाय."

गिरजा तांदूळ निवडत होती. तिचा हात सुपात थांबला.

"कशाला?"

"तुला काय सांगू? नवरीला हलद लावायची, हाताला धरून न्हानाला बसवायची. सोयऱ्यांकडं बातमी गेली. तिची सासू बोलली, करंटवाली बाई नको."

गिरजा धवळारीण होती. पाड्यावरच्या लग्नांत भटजी येतो तो नंतर. आधी धवळारीण येते. तिने धवळे, म्हणजे लग्नाची गाणी, गायल्याशिवाय मांडव उभा राहत नाही, नवरीला हळद लागत नाही. तीस वर्षांत या पाड्यावरून एकही मुलगी तिच्या गळ्याशिवाय सासरी गेली नव्हती. आईकडून आलेले धवळे तिला सगळे पाठ होते. तिला लिहिता-वाचता फारसं येत नव्हतं, शेत दोन एकर, माणसांत उठून दिसावं असं अंगावर काही नव्हतं. गावात तिला जो काही मान होता तो या गळ्याचा होता. आणि सुरेखाची दिशा तर तिच्याच मांडीवर वाढलेली पोर. एकदा एका लग्नातून धवळारणीला उठवलं की पुढच्या लग्नात तिला कोणी बोलावत नाही, हे तिच्याइतकं कोणाला ठाऊक असणार?

"बाईजाचा गळा बरा हाय," ती म्हणाली. सुरेखा गेल्यावर तिने निवडलेले आणि न निवडलेले तांदूळ एकत्र करून टाकले, आणि मग पुन्हा पहिल्यापासून निवडायला बसली.

दुसऱ्याच दिवशी काळूराम तिला ठाण्याला घेऊन गेला. डबी तपासणारी निर्मला नावाची मॅडम होती, चष्मेवाली, चटचट बोलणारी. तिने गिरजाच्या छातीवर एक वाटीसारखं यंत्र ठेवलं आणि पडद्यावर रेघा धावू लागल्या.

"मंगळवारी सकाळी सात बेचाळीसला तुम्ही काय करत होता मावशी?"

गिरजा चाट पडली. "पानी भरत होते. हिला कसा कळला?"

"डबी सगळं लिहून ठेवते. दोन झटके दिलेत. पण ही गंमत बघा." निर्मलाने पडद्यावर बोट ठेवलं. "हे उंच उंच टोक म्हणजे तुमचे ठोके. एका तालात, अगदी शहाण्यासारखे. तुमच्या हृदयाला त्या वेळी काहीही झालेलं नव्हतं. आणि ही मधली बारीक, दाट रेघ दिसते? ही तुमची नाही. ही बाहेरून आली. घरातला करंट सेकंदाला पन्नास वेळा थरथरतो, ही बरोबर तशीच आहे. डबीला वाटलं, हृदयच थरथरतंय. तिने आपलं काम केलं."

"म्हंजे डबीनं पान्यात करंट नाय सोडला?"

"डबी देते ते तुमच्यापुरतं. तुम्हाला धरणाऱ्याला फार तर चिमटा बसेल. पाण्यात ती काय सोडणार? करंट आधीपासूनच तिथे आहे, मावशी, तो तुमच्यात आला. आणि तुमच्यात आला तो सगळ्यांच्यात येतोय. त्यांच्याकडे सांगायला डबी नाही, एवढंच."

काळूरामने मग आपली यादी काढली. निर्मलाने एकेक निकालात काढली. मिक्सर चालेल. टीव्ही चालेल. मोबाइल झंपरात ठेवायचा नाही, डाव्या कानाला लावायचा नाही, बाकी खुशाल बोला. वेल्डिंगच्या जवळ उभं राहायचं नाही, मोठ्या लोहचुंबकापासून लांब. "आणि करंट कुठून येतो ते सापडेपर्यंत त्या नळाला हात लावायचा नाही. उद्या एखादं लहान पोर चिकटेल तिथे."

तिने रेघांचा कागद छापून दिला. गिरजाने तो चार घड्या करून पिशवीत ठेवला. परतीच्या वाटेत ती त्यावर सारखा हात ठेवून होती. आपल्या हृदयाला कोणी शहाणं म्हटलं, हे पहिल्यांदाच घडत होतं.

पण शहाण्या कागदाला पाड्यावर कोण विचारतो? तो होता इंग्रजीत. हरेशने तो उलटा धरून वाचला, सुलटा धरून वाचला आणि परत दिला.

"काकी, कागदावर काय पन लिहितील. मी टेस्टर लावून बघितलाय. मोटारीला लावला, नळाला लावला. पेटला नाय. करंट असता तर दिवा लागला असता का नसता?"

"मॅडम बोलली, करंट बाहेरचा हाय."

"मॅडम पान्यावर आली होती का?"

ओट्यावरच्या बायका हसल्या. सुरेखा हसली नाही, पण तिने मानही वर केली नाही. लग्नाला नऊ दिवस राहिले होते. गिरजा कागद घेऊन घरी आली आणि तिने तो देवाच्या फळीवर ठेवून दिला. त्या संध्याकाळी तिला रडू आलं. भीतीचं नव्हतं, रागाचं होतं. मरून परत आलेल्या बाईला पाड्याने एका टेस्टरवर जोखावं!

दुसऱ्या दिवशी दुपारी मागच्या दारी कोणीतरी खाकरलं. कातकरवाडीची यमू उभी होती. दिवाळीला यमू आणि तिचा नवरा सावळ्या वीटभट्टीवर जायचे ते थेट उन्हाळा सरता यायचे; यंदा लेकीचं बाळंतपण होतं म्हणून यमू मागे राहिली होती. ती दारात टेकली नाही, जांभळीच्या सावलीत उकिडवी बसली.

"बाय, तुज्या मशीनचा काय दोष नाय," ती म्हणाली. "पानी तर सहा वर्सांपासून चावतांय."

 हे वाक्य गिरजाने पूर्वी ऐकलेलं होतं.

सहा उन्हाळ्यांपूर्वी, भट्टीवरून परत आल्यावर, याच यमूने पाणवठ्यावर उभं राहून सांगितलं होतं, बाय, पानी चावतांय. आणि गिरजानेच, उचलली जीभ लावली टाळ्याला, सगळ्यांच्या देखत म्हटलं होतं, "चावतांय? मग त्याचे दात मोज, आनि पानी भर!" ओटा हसून हसून लोळला होता. पुढे पाड्यावर तो शब्दच झाला. कोणी कामाचा कंटाळा केला की म्हणायचे, काय रे, पाणी चावतं का? गिरजाला स्वतःच्या त्या विनोदाचा अभिमान होता. लग्नाच्या पंगतीत ती तो पुन्हा पुन्हा सांगायची.

"तू तवा बोलली होतीस," गिरजा हळूच म्हणाली.

"बोलली होते."

"मी हसले."

यमूने जमिनीवरचं एक सुकं पान उचललं, दुमडलं, टाकलं. "सगलेच हसले. मी मग डोनीत पाय नाय घालत. फलीवर उभी ऱ्हाते." कातकरवाडीच्या बायका ओट्यावरून पाणी भरत नसत, ओट्याचं सांडलेलं पाणी खालच्या सिमेंटच्या डोणीत साचायचं, त्यातून भरायच्या. तसा नियम कोणी लिहिलेला नव्हता. "आदी नुसती झिनझिन होती, एकदोगांच्या आकड्यांची. गेल्या वर्सी वादलात तार तुटली ना, त्याच्यानंतर वाढली. लोकांनी सलया ठोकल्या तशी वाढली."

"कसल्या सळया?"

यमूने तिच्याकडे पाहिलं, या बाईला खरंच ठाऊक नाही की काय, अशा नजरेने. "डोनीच्या मागं. आलवाच्या पानांखाली. सगल्यांच्या हायत."

आणि मग गिरजाच्या डोक्यात उजेड पडला. गेल्या वर्षीच्या वादळात पाड्याची न्यूट्रलची तार तुटली होती. तक्रार करावी, तर वायरमन येणार, आणि वायरमन आला की कोणी आकडा टाकलाय, कोणाचा मीटर बंद आहे, सगळंच बघणार. त्यापेक्षा सोपी युक्ती जो तो मनातल्या मनात शोधून बसला: न्यूट्रल नाही ना, मग वायरीचं दुसरं टोक लोखंडी सळईला बांधायचं आणि सळई जमिनीत ठोकायची. दिवा लागतो, पंखा फिरतो, पंप चालतो. फक्त जमीन ओली पाहिजे. आणि माघापासून बाकीची जमीन वाळत गेली की पाड्यावर बाराही महिने ओली अशी जमीन एकच, पाणवठ्याखालची.

"तुला कोनाकोनाच्या ठावूक हायत?"

"मी तिथंच कपडे धुतंय, बाय. ठोकताना सगले मला बोलायचे, सरक जरा."

गिरजा उठली. "उद्या सकाळी ये. ओट्यावर."

"मी?"

"मंग कोन? मला डोणीमागचा काय दिसतांय?"

दुसऱ्या दिवशी सात वाजता पाणवठ्यावर सगळा पाडा होता. गिरजाने रात्रीच काळूरामला घरोघरी पाठवलं होतं. काय करायचं ते सांगितलं नव्हतं, नुसतं या म्हणून. काळूराम पुरुषांमध्ये मिशीला पीळ देत उभा होता. बायकोचा आज निकाल लागणार, एवढंच त्याला ठाऊक होतं आणि तेवढ्याने तो खुशीत होता.

"हरेश," गिरजा म्हणाली, "आधी डीपी पाड. सगळ्या पाड्याची लाइट बंद कर. मंगच हात लावायचा."

"आनि पंखे, फ्रीज? लग्नघरात—"

"पाड रे."

आवाज धवळ्याचा होता, चार शेतांपलीकडे जाणारा. हरेश गेला आणि खटका पाडून आला. यमू डोणीमागच्या आळूत उतरली. हिरवीगार पानं तिने दोन्ही हातांनी बाजूला केली आणि एका जागी बोट दाखवलं.

"ही हरेशची. कूलरची."

हरेश आळूकडे बघत राहिला. अनिताने विळ्याने माती उकरली. वीतभर खाली सळईचं डोकं निघालं, आणि त्याला गुंडाळलेली काळी वायर, जमिनीखालून सरळ हरेशच्या घराकडे गेलेली. कोणीतरी फिसकन हसलं.

"टेस्टर पेटवायला चपला काढाव्या लागतात म्हने," गिरजा म्हणाली. हरेशच्या पायात रबरी चपला होत्या.

"ही सुरेखाबायची. घरघंटीची." यमूचं बोट पुढे सरकलं. "ही शालेच्या बाजूच्या म्हाताऱ्याची. ही दोन भावांची, एकच हाय दोगांत." प्रत्येक बोटासरशी माती उकरली जात होती, सळई निघत होती, आणि ज्याची निघे तो मान खाली घालून ओढायला पुढे होत होता. यमूला घाई नव्हती. वर्षभर तिने हे पाठ केलं होतं. आधी हसणारे गप्प झाले, मग गप्प असलेल्यांना हसू आवरेना, कारण आता आपलीही निघणार हे ज्याला त्याला कळलं होतं. घरोघरी मातीच्या चुली म्हणतात, तशी घरोघरी सळई. दहा झाल्या. ओट्यावर गंजलेल्या लोखंडाचा ढीग पडला.

यमू थांबली. तिने गिरजाकडे पाहिलं.

"बोल की," गिरजा म्हणाली.

"ही तुमची हाय. भेंडीच्या पंपाची."

सगळ्यांच्या माना काळूरामकडे वळल्या. त्याचा मिशीवरचा हात तिथेच राहिला. मिक्सरला घाबरणारा, मोबाइल चार हातांवर ठेवणारा काळूराम! गिरजाने पदर कमरेला खोचला आणि ती आळूत उतरली.

"तुमी नका. मी काढतंय."

सळई घट्ट बसली होती. तिने ती डावीउजवीकडे हलवली, मुठीत धरून वर ओढली. ती निघाली तेव्हा गिरजा मागच्या मागे चिखलात बसली आणि तिथेच बसल्या बसल्या इतकी हसली की तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मग काळूराम हसला, खजील होऊन, मग सुरेखा, आणि मग सगळा पाणवठा. अकरा सळया. पाड्यावर सळई नसलेली घरं होती, पण ती काही शहाणी म्हणून नव्हती, लांब होती म्हणून. आणि कातकरवाडीची सळई नव्हती, कारण कातकरवाडीत मीटरच नव्हता.

हसणं थांबल्यावर कोणीतरी तो हिशेब केला असावा, कारण मग बराच वेळ कोणी यमूकडे बघेना.

तक्रार गेली. मुरबाडहून वायरमन आला, त्याने आकडे बघून न बघितल्यासारखं केलं आणि तार जोडली. सळयांचा ढीग बघून त्याने कपाळावर हात मारला. नळात करंट नव्हताच, तो जमिनीत होता, तो म्हणाला. ओल्या जमिनीवर अनवाणी उभं राहून नळ धरला की माणसाच्या अंगातून त्याला वाट मिळायची. एखाद्या पावसाळी दिवशी मुडदा पडला असता इथे. देवाच्या फळीवरचा कागद त्याने मागून घेतला, सुलटा धरला आणि सगळ्यांना रेघ दाखवली. "ही बघा. हीच ती." हरेशने मान वाकवून पुन्हा एकदा पाहिलं.

त्याच संध्याकाळी सुरेखा पानसुपारी घेऊन आली. आंब्यावर, भेंडीवर काही बोलली नाही.

"काकी, बाईजाला नको सांगितलाय. सोयऱ्यांना मी सांगितला, आमच्या धवळारणीनं पाड्याचा जीव वाचवला. यायचा असेल तर या लग्नाला, नाय तर ऱ्हावा."

"असा बोललीस?"

"बोलले."

गिरजाने सुपारी उचलली. एवढंच तिने केलं, आणि सुरेखाने तिचा हात धरला. दोन्ही हातांनी, घट्ट.

हळदीची सकाळ उजाडली. मांडव उभा राहिला होता, आंब्याचे टहाळे लागले होते, आणि वाजतगाजत सगळ्या बायका पाणवठ्यावर आल्या. नवरीच्या न्हाणाचं पाणी भरायचं होतं. ओट्यापाशी आल्यावर वाजंत्री थांबली आणि कोणीच पुढे होईना. सळया गेल्या होत्या, तार जोडली होती. वायरमनने स्वतः चपला काढून नळ धरून दाखवला होता. आणि तरी पाय उचलत नव्हते. सगळ्यांच्या नजरा गिरजावर होत्या.

गिरजाला दवाखान्यात न्यायची वेळ आलीच तर म्हणून काळूराम भाड्याची जीप घेऊन रस्त्यावर उभा होता, इंजिन चालू ठेवून. गिरजाने चपला काढल्या. ओटा ओला, गार होता. तिने हात पुढे केला आणि तो नळापासून वीतभर अंतरावर अडला. ती भ्याली होती. निर्मला मॅडमने फोनवर हो म्हटलं होतं, सगळं खरं होतं, पण ती लाथ कागदाला बसली नव्हती, तिला बसली होती.

डोणीपाशी उभी असलेली यमू फळीवरून उतरली. डोणीच्या काठावर पाय देऊन ती ओट्यावर चढली, बायकांच्या मधून वाट काढत आली आणि तिने नळ मुठीत धरला.

"यमू! तू कशाला गो?"

"मला त्याची ओलख हाय," यमू म्हणाली. डोळे मिटून ती उभी राहिली.  "नाय," ती म्हणाली. "काय नाय. नुसता पानी हाय."

गिरजाने तिच्या मुठीशेजारी आपली मूठ ठेवली आणि चावी पिळली. पाणी हंड्यात पडू लागलं. ती मनात मोजत होती. दहा. वीस. हंडा अर्धा झाला. तीस. हंडा गळ्याशी आला, काठावर आला, सांडला, दोघींच्या पायांवरून वाहत गेला. डबी गप्प होती. आत फक्त हृदय चाललं होतं, एका तालात.

मग गिरजाने मान वर केली आणि धवळा उचलला. पाच महिन्यांत तिने इतका मोठा आवाज काढला नव्हता. रस्त्यावर काळूरामने जीपचं इंजिन बंद केलं.

न्हाणाचं पाणी पाचजणी भरतात आणि धवळारीण त्या पाचजणींची नावं धवळ्यात गुंफते, म्हणजे देवाला कळतं की पाणी कोणी आणलं. गिरजाने पहिलं नाव घेतलं सुरेखाचं. मग नवरीच्या दोन्ही मावश्यांची. मग आपल्या अनिताचं. प्रत्येक नावाला बायका मागून धरत होत्या. पाचवं नाव कोणाचं यावरून लग्नघरात दोन दिवस रुसवेफुगवे झाले होते. गिरजाने श्वास घेतला, ओट्याच्या काठावर सरकून उभ्या असलेल्या बाईकडे पाहिलं आणि गायली,

*पाचवा हंडा भरीला, यमूनं भरीला गो…*

बायका अडखळल्या. एक क्षण नुसता गिरजाचा आवाज होता. मग सुरेखाने, नवरीच्या आईने, ते नाव धरलं; पहिल्यांदा हळू, मग पुन्हा, पूर्ण गळ्याने. आणि तिच्या मागून सगळ्या पाणवठ्याने.

यमूला ते आपलं नाव आहे हे समजायला वेळ लागला. समजलं तेव्हा तिने ओले हात लुगड्याला पुसले, चुंबळ डोक्यावर ठेवली, हंडा उचलून घेतला आणि वाजंत्र्यांच्या पुढून मांडवाच्या दिशेने चालू लागली.